खासगी डिटेक्टिव्हला 'सरकारी परवाना' असतो का? तो काय करू शकतो आणि कधी नेमावा?

लग्नाआधी स्थळाची चौकशी, जोडीदारावरचा संशय, घर सोडून गेलेला मुलगा, भागीदाराने केलेली फसवणूक किंवा जमीन विकणारा माणूस खरा मालक आहे की नाही ही शंका. अशा वेळी अनेक जण मोबाइलवर 'प्रायव्हेट डिटेक्टिव्ह' शोधतात. समोर येणाऱ्या जाहिरातींमध्ये 'सरकारमान्य', 'लायसन्सधारक', 'शंभर टक्के गुप्तता' हे शब्द हमखास दिसतात.

यातला 'लायसन्सधारक' हा शब्द आधी तपासायला हवा. कारण खासगी गुप्तहेरांना परवाना देणारा कायदा भारतात नाही. त्यामुळे असा परवाना कुणाकडेही असू शकत नाही. मग हे लोक नेमकं काय करतात? कायदा त्यांना काय करू देतो? आणि पैसे मोजण्याआधी आपण स्वतः काय तपासू शकतो?

हे समजून घेण्यासाठी या लेखात रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं कळंब उदाहरण म्हणून घेतलं आहे. नेरळपासून जवळ, कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं हे गाव. मुंबई, ठाणे, डोंबिवलीकडची कुटुंबं कर्जत आणि खालापूर तालुक्यांत फार्महाऊससाठी, प्लॉटसाठी जागा बघायला येतात. विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसतात, मध्ये दोन-तीन एजंट असतात. चौकशीची गरज खऱ्या अर्थाने अशाच ठिकाणी पडते.

परवाना नाही, मग जाहिरातीतला 'रजिस्टर्ड' कुठला?

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी देशात २००५ चा कायदा आहे. सोसायटीच्या गेटवर, बँकेत, कारखान्यात रखवालदार पुरवणाऱ्या संस्थेला या कायद्याखाली राज्याच्या नियंत्रक प्राधिकरणाकडून परवाना घ्यावा लागतो. पण या कायद्यातली 'खासगी सुरक्षा' म्हणजे व्यक्तीचं किंवा मालमत्तेचं रक्षण. कुणाची माहिती काढणं त्यात बसत नाही. एखाद्या संस्थेने सुरक्षा एजन्सीचा परवाना दाखवून 'आम्ही लायसन्सधारक डिटेक्टिव्ह आहोत' असं सांगितलं, तर तो परवाना वेगळ्याच कामाचा आहे हे लक्षात ठेवा.

गुप्तहेरांसाठी स्वतंत्र कायदा करण्याचा प्रयत्न झाला होता. २००७ मध्ये खासगी गुप्तहेर संस्थांचं नियमन करणारं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. परवाना देणारी केंद्रीय आणि राज्य पातळीवरची मंडळं, विनापरवाना काम केल्यास शिक्षा, अशा तरतुदी त्यात होत्या. विधेयक संसदेच्या गृह खात्याशी संबंधित स्थायी समितीकडे गेलं. पण त्याचा कायदा झाला नाही आणि पुढे ते मागे घेण्यात आलं.

मग जाहिरातीतला 'रजिस्टर्ड' शब्द येतो कुठून? बहुतेक वेळा तो यापैकी एखाद्या नोंदणीवरून येतो: दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद म्हणजे गुमास्ता, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, कंपनी म्हणून झालेली नोंदणी किंवा गुप्तहेरांच्या एखाद्या संघटनेचं सदस्यत्व. या सगळ्या नोंदी खऱ्या असू शकतात. त्यावरून संस्था अस्तित्वात आहे एवढं कळतं. तिच्या माणसांना तपासाचं प्रशिक्षण आहे, त्यांची पोलीस पडताळणी झाली आहे किंवा सरकारने त्यांना काही अधिकार दिले आहेत, असा अर्थ त्यातून निघत नाही.

सगळीकडे हीच स्थिती आहे असं नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये परवाना लागतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी साधारण तीन वर्षांचा, म्हणजे ६,००० तासांचा अनुभव आणि लेखी परीक्षा ही अट आहे. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्यात परवान्याची तरतूद आहे, पण खासगी गुप्तहेरांसाठी ती लागू केलेली नाही. आपल्याकडे मात्र विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरला विमा नियामकाचा परवाना लागतो आणि माणसाच्या खासगी आयुष्याची पाहणी करणाऱ्याला लागत नाही.

मग हे काम बेकायदेशीर आहे का?

नाही. कायद्याने मनाई नसलेला कोणताही व्यवसाय करता येतो, तसाच हाही. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. सामान्य नागरिकाला जेवढे अधिकार आहेत, तेवढेच खासगी डिटेक्टिव्हला आहेत.

तो रस्त्यावर, हॉटेलात, बाजारात म्हणजे सार्वजनिक ठिकाणी जाऊ शकतो, पाहू शकतो. लोकांशी बोलू शकतो. त्यांनी उत्तर द्यायचं की नाही, हे लोकांच्या मर्जीवर. सरकारी कार्यालयातली खुली कागदपत्रं मागू शकतो, माहिती अधिकारात अर्ज करू शकतो. न्यायालयात साक्ष देऊ शकतो.

तो कुणाला चौकशीसाठी बोलावू शकत नाही, झडती घेऊ शकत नाही, कागदपत्रं जप्त करू शकत नाही. अटकेबाबतही त्याला वेगळा अधिकार नाही. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल, तर कोणताही नागरिक गुन्हेगाराला पकडू शकतो. मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. डिटेक्टिव्हही तेवढंच करू शकतो. 'मी क्राइम ब्रांचमधून आलोय' असं सांगून माहिती काढली, तर लोकसेवक असल्याची बतावणी केल्याचा गुन्हा होतो.

थोडक्यात, डिटेक्टिव्हला पैसे देताना तुम्ही त्याचा वेळ, पायपीट आणि अनुभव विकत घेत असता.

ही मंडळी नेमकी कोणती कामं करतात?

सिनेमातला गुप्तहेर खुनाचा छडा लावतो. खऱ्या आयुष्यात खुनाचा तपास पोलिसांकडेच असतो. खासगी एजन्सींचं रोजचं काम साधारण असं असतं:

• लग्नाआधी मुलाची किंवा मुलीची नोकरी, शिक्षण, आधीचं लग्न, राहणीमान यांची खातरजमा.

• घटस्फोट, पोटगी किंवा मुलाच्या ताब्याच्या खटल्यात समोरच्या पक्षाचं खरं उत्पन्न, राहणं, वागणं यांची माहिती.

• कंपन्यांसाठी नव्या कर्मचाऱ्याची पूर्वपीठिका, कामगाराने दिलेला खोटा आजाराचा दाखला, गोदामातली चोरी, बनावट माल कुठे तयार होतो याचा शोध.

• विमा कंपन्यांसाठी संशयास्पद दाव्यांची पडताळणी.

• कर्ज बुडवून गेलेल्या किंवा समन्स चुकवणाऱ्या माणसाचा पत्ता आणि त्याच्या नावावरची मालमत्ता शोधणं.

• जमीन-घर व्यवहारात विक्रेत्याची ओळख आणि जागेचा प्रत्यक्ष ताबा यांची चौकशी.

यातल्या बऱ्याच कामांत थरार नसतो. एखाद्या इमारतीसमोर तासन्‌तास थांबणं, चहावाल्याशी ओळख काढणं, तहसील कार्यालयात नकला मागणं आणि शेवटी फोटो, तारखा, वेळा यांसह अहवाल लिहिणं, हेच काम असतं.

ठाण्याचं सीडीआर प्रकरण: सीमा कुठे ओलांडली जाते?

'नवऱ्याचे कॉल डिटेल्स काढून देतो' असं कुणी सांगत असेल, तर तिथेच थांबायला हवं.

जानेवारी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने मोबाइलचे कॉल डिटेल रेकॉर्ड म्हणजे सीडीआर बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी डिटेक्टिव्हना अटक केली. कोणत्या नंबरवरून कुणाला, कधी, किती वेळ फोन झाला आणि तेव्हा फोन कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता, हे सीडीआरमध्ये कळतं. संभाषण त्यात नसतं, पण माणसाच्या आयुष्याचा नकाशा त्यातून उभा राहतो. पोलीस तपासासाठी ठरलेल्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत ही माहिती मोबाइल कंपनीकडून मागवू शकतात. खासगी माणसाला ती मागता येत नाही.

पुढच्या काही आठवड्यांत अटकेची यादी वाढत गेली. यवतमाळ पोलीस दलातल्या एका शिपायालाही अटक झाली. १९९१ पासून मुंबईत एजन्सी चालवणाऱ्या आणि महिला डिटेक्टिव्ह म्हणून देशभर नाव असलेल्या रजनी पंडित यांनाही फेब्रुवारीत अटक झाली. नंतर त्यांना जामीन मिळाला. मार्चमध्ये एका वकिलाला अटक झाली, पण ती करताना कायदेशीर प्रक्रिया पाळली नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या सुटकेचा आदेश दिला. अटक झाली म्हणजे दोष सिद्ध झाला असं होत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

ग्राहकांसाठी या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ज्यांच्यासाठी हे रेकॉर्ड काढल्याचा संशय होता, त्यांनाही पोलिसांनी चौकशीला बोलावलं. म्हणजे 'डिटेक्टिव्हने कसं आणलं ते मला माहीत नाही' एवढं सांगून ग्राहकाची सुटका होतेच असं नाही. गुन्हा करायला सांगणं किंवा त्यासाठी पैसे देणं, हाही गुन्हा ठरू शकतो.

आता कायदा आणखी स्पष्ट झाला आहे. दूरसंचार कायदा २०२३ मधल्या कलम ४२ नुसार मोबाइल कंपनीकडची माहिती अनधिकृतपणे मिळवणं किंवा तसा प्रयत्न करणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सीडीआरचा त्यात नावानिशी समावेश आहे. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे.

याशिवाय पुढची कामं कुणी 'पॅकेज'मध्ये देऊ करत असेल, तर तीही टाळावीत:

• दुसऱ्याचा मोबाइल, ईमेल किंवा व्हॉट्सॲप परवानगीशिवाय उघडणं, त्यात हेरगिरीचं ॲप टाकणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली हा गुन्हा आहे.

• एखाद्या महिलेच्या इंटरनेट, ईमेल किंवा मेसेजच्या वापरावर पाळत ठेवणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार हे पाठलाग करण्याच्या गुन्ह्यात येतं. नवऱ्यासाठी किंवा होणाऱ्या सासरच्यांसाठी यातून सूट नाही.

• घरात, खोलीत, बाथरूममध्ये छुपा कॅमेरा लावणं.

• बँक खात्याचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र किंवा दवाखान्यातले कागद 'ओळखीतून' काढून आणणं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. ज्याची चौकशी तुम्ही करताय, त्यालाही हा हक्क आहे.

कळंबला जमीन घ्यायची आहे. डिटेक्टिव्ह हवा का?

समजा, डोंबिवलीच्या एका कुटुंबाने कळंब परिसरात वीस गुंठ्यांची जागा पाहिली आहे. एजंट म्हणतो, 'टायटल क्लिअर आहे, दोन दिवसांत टोकन द्या.' मनात शंका आहे. पहिला खर्च डिटेक्टिव्हवर करायचा का?

बहुतेक वेळा नाही. कारण पहिल्या टप्प्यातली माहिती सरकारी नोंदींत असते आणि ती कुणालाही बघता येते.

सातबारा: भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकून सातबारा पाहता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. गाव निवडताना काळजी घ्या, कारण धाराशिव आणि यवतमाळ जिल्ह्यांतही कळंब आहे. उताऱ्यावर मालकाचं नाव आणि क्षेत्र बघितलं की बरेच जण थांबतात. त्यापेक्षा महत्त्वाची आहे ती 'भोगवटादार वर्ग' ही नोंद आणि 'इतर अधिकार' हा रकाना. वर्ग २ ची जमीन विकायला बहुधा सरकारी परवानगी लागते. इतर अधिकारात बँकेचा बोजा, कुळाचं नाव, न्यायालयाचा मनाई हुकूम दिसू शकतो.

फेरफार: विक्रेत्याचं नाव सातबाऱ्यावर कसं आलं ते फेरफार नोंदीत कळतं. वारसाने आलं असेल तर सगळ्या वारसांची नावं लागली आहेत का, विशेषतः बहिणींची, ते पाहावं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. मंजूर न झालेल्या फेरफारांच्या नोटिसा 'आपली चावडी' या ऑनलाइन सेवेवर दिसतात.

नोंदणी: नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर आधी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, बघता येतो. तीच जागा आधी दुसऱ्या कुणाला विकली आहे का, ते इथे कळतं. वकिलाकडून साधारण तीस वर्षांचा शोध घेऊन टायटल सर्च रिपोर्ट घेण्याची पद्धत आहे.

आदिवासी जमीन: कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती मोठी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ नुसार आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची आणि राज्य सरकारची आधी मंजुरी लागते. ती नसेल तर व्यवहार टिकत नाही आणि जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. 'नंतर करून घेऊ' हे एजंटचं उत्तर इथे चालत नाही.

शेतकरी दाखला: शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगर-शेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

प्लॉटिंग प्रकल्प: क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि आठपेक्षा जास्त प्लॉट किंवा घरं असतील, तर महारेराची नोंदणी लागते. नंबर टाकून प्रकल्प संकेतस्थळावर तपासता येतो.

खटले: ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर विक्रेत्याच्या नावाने दावे शोधता येतात.

हे सगळं झाल्यावर गावातल्या तलाठ्याला भेटावं. या पदाचं नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी' असं झालं आहे. मोजणीचा नकाशा कर्जतच्या भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. या सगळ्याचा खर्च जागेच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो.

मग डिटेक्टिव्हसाठी काय उरतं? जे कागदावर दिसत नाही ते. सातबाऱ्यावरचा मालक हयात आहे का? समोर उभा असलेला माणूस तोच आहे की त्याच्या नावाचं आधार कार्ड घेऊन आलेला दुसरा कुणी? कुलमुखत्यारपत्र देणारी आजी खरंच नाशिकला राहते का, आणि तिला या विक्रीची कल्पना आहे का? नोंदणी न करता कुणाला साठेखत लिहून दिलंय का? जागेवर प्रत्यक्षात कोण पीक घेतं? मालक परगावी किंवा परदेशी असेल आणि व्यवहार मोठा असेल, तर अशा चौकशीसाठी माणूस नेमण्यात अर्थ आहे.

मात्र त्यातही एक अडचण आहे. शहरात अनोळखी माणसाने चार प्रश्न विचारले तर कुणाच्या लक्षात राहत नाही. कळंबसारख्या गावात दुपारपर्यंत ते पोलीस पाटलांपासून किराणा दुकानापर्यंत सगळ्यांना कळतं. जमिनीच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही. उलट शेजारच्या शेतकऱ्याला स्वतः भेटून 'आम्ही ही जागा घेतोय, काही हरकत आहे का?' असं विचारलं, तर महिनाभराच्या पाळतीत कळणार नाही ते दहा मिनिटांत कळू शकतं.

स्थळाची चौकशी करायची असेल तर?

लग्नाच्या बाबतीत गावातली कुजबुज जास्त महागात पडते. चौकशी चालू आहे एवढी बातमी फुटली तरी मुलीच्या किंवा मुलाच्या नावाला उगाच डाग लागतो. म्हणून आधी उघड विचारण्याचा मार्ग घ्यावा. पगाराची स्लिप, पदवी, आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा, हे दोन्ही बाजूंनी एकमेकांना दाखवावं. आपण मागतोय ते आपणही द्यावं. नात्यातल्या, ओळखीतल्या माणसांकडून विचारपूस करण्याची पद्धत आपल्याकडे आहेच.

स्थळ दूरच्या शहरातलं किंवा परदेशातलं असेल, ओळखीचं कुणी नसेल आणि कागदपत्रं द्यायला टाळाटाळ होत असेल, तर एजन्सीचा उपयोग होऊ शकतो. तेव्हाही प्रश्न मोजके ठेवावेत: नोकरी खरी आहे का, आधीचं लग्न आहे का, सांगितलेल्या पत्त्यावर राहतो का, मोठं कर्ज किंवा फौजदारी खटला आहे का. 'सगळं काढा' असं सांगितलं की खर्च वाढतो आणि ज्या गोष्टी विचारायचा आपल्याला हक्क नाही त्या बाहेर यायला लागतात.

घरातलं माणूस हरवलं तर?

इथे क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं. आधी पोलीस. चोवीस तास थांबायचा नियम नाही. कळंब भागातल्या कुटुंबाने जवळचं नेरळ पोलीस ठाणं गाठावं किंवा ११२ ला फोन करावा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी तो कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. हरवलेली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल, तर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिले आहेत. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

याचं कारण साधं आहे. मोबाइलचं लोकेशन, टोल नाक्याचे आणि स्टेशनचे सीसीटीव्ही, इतर जिल्ह्यांच्या पोलिसांशी संपर्क, या गोष्टी कायदेशीररीत्या पोलिसांच्याच हातात आहेत. पहिले दोन दिवस डिटेक्टिव्हच्या मागे घालवले तर ते परत मिळत नाहीत. पोलीस दाद देत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. कुणाला डांबून ठेवल्याचा संशय असेल तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस याचिका करता येते. तक्रार देऊन काही महिने गेले, तपास थंडावला, तर ओळखीच्या लोकांना पुन्हा भेटणं, वृद्धाश्रम, मनोरुग्णालयं, धर्मशाळा पालथ्या घालणं या कामासाठी डिटेक्टिव्ह नेमता येतो.

आणखी एक बाजू आहे. हरवलेली व्यक्ती सज्ञान असेल आणि स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेली असेल, तर तिला तो हक्क आहे. घरच्यांच्या विरोधात लग्न केलेल्या जोडप्याचा पत्ता काढून देणं, हे त्यांच्या जिवाशी खेळणं ठरू शकतं. जबाबदार डिटेक्टिव्ह अशा वेळी 'ती सुखरूप आहे' एवढाच निरोप देतो. पत्ता तिच्या संमतीशिवाय देत नाही. पत्ता हमखास मिळेल असं कुणी सांगत असेल, तर तो सावध व्हायचा इशारा आहे.

डिटेक्टिव्हचा पुरावा कोर्टात चालतो का?

नुसता अहवाल सहसा पुरेसा नसतो. ज्याने प्रत्यक्ष पाहिलं, त्याने साक्षीदार म्हणून उभं राहून उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. 'आमचा माणूस कोर्टात येणार नाही' असं एजन्सीचं म्हणणं असेल, तर खटल्यासाठी त्या अहवालाचा उपयोग फारसा नाही.

फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंगसाठी वेगळा नियम आहे. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं, तो खटला महाराष्ट्रातलाच होता. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला होता का, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावरून प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहिला.

चुकीच्या मार्गाने मिळवलेला पुरावा आपोआप बाद होतो, असं मात्र नाही. तो खटल्याशी संबंधित आणि खरा असेल तर न्यायालय विचारात घेऊ शकतं, हे तत्त्व मुंबईतल्या आर. एम. मलकानी खटल्यात १९७२ मध्येच मान्य झालं. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीने एकमेकांशी झालेल्या संभाषणाचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येईल, असा निकाल दिला.

या निकालाचा अर्थ ताणू नये. तिथे प्रश्न स्वतःच्याच संभाषणाचा होता. बायकोचं तिच्या मैत्रिणीशी चाललेलं बोलणं तिसऱ्याकडून टॅप करून घेणं वेगळं. पुरावा स्वीकारला गेला तरी तो मिळवताना झालेला गुन्हा माफ होत नाही.

नेमायचंच ठरलं, तर काय बघावं?

१. आधी वकिलाला भेटा. कोणती गोष्ट सिद्ध करायची आहे आणि त्यासाठी कुठला पुरावा लागेल, ते त्याच्याकडून लिहून घ्या. बऱ्याचदा न्यायालयामार्फतच बँकेची किंवा नोकरीची कागदपत्रं मागवता येतात.

२. ऑफिस प्रत्यक्ष पाहा. फक्त मोबाइल नंबर आणि वेबसाइट असलेल्या संस्थेला ॲडव्हान्स देऊ नका.

३. 'परवाना दाखवा' असं विचारा. 'भारतात असा परवाना नाही, आमच्याकडे या नोंदण्या आहेत' असं सरळ उत्तर देणारा जास्त विश्वासाचा.

४. लेखी करार करा. कामाचा नेमका प्रश्न, मुदत, दिवसाचा दर की ठरावीक रक्कम, प्रवास खर्च, अहवाल कधी, साक्षीला येणार की नाही, हे त्यात असावं. कोणतंही बेकायदा साधन वापरणार नाही, हे वाक्य आवर्जून घाला.

५. काम संपल्यावर फोटो, व्हिडिओ आणि तुमची कागदपत्रं कुठे राहणार, कधी नष्ट होणार, ते लिहून घ्या.

६. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि जीएसटीचं बिल घ्या. या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. रोखीने, बिलाशिवाय दिलेल्या पैशांची तक्रार पुढे सिद्ध करणं कठीण जातं.

७. 'शंभर टक्के रिझल्ट'ची हमी देणाऱ्यापासून लांब राहा. चौकशीत 'संशयात तथ्य नाही' असंही निघू शकतं आणि तो पूर्ण झालेल्या कामाचाच निकाल असतो.

फसवणूक झाली तर?

परवाना देणारी संस्थाच नसल्यामुळे परवाना रद्द करा म्हणून जायला कुठलं दार नाही. पण पैसे घेऊन काम न करणं ही सेवेतली त्रुटी आहे. त्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. ऑनलाइन पैसे उकळले असतील तर १९३० वर लगेच कळवावं.

सगळ्यात वाईट शक्यता वेगळी असते. तुमच्या घरातली गुपितं ज्याच्या हातात दिली, तोच 'आणखी पैसे द्या, नाहीतर समोरच्याला सांगतो' असं म्हणू लागतो. ही खंडणी आहे आणि तिची तक्रार थेट पोलिसांत करावी. अशा माणसाला दुसऱ्यांदा पैसे दिले की तिसरी मागणी येतेच.

म्हणून डिटेक्टिव्हचा नंबर फिरवण्याआधी एका कागदावर लिहून पाहावं: मला नेमकं काय जाणून घ्यायचंय, ते कुठल्या सरकारी नोंदीत मिळेल, कुणाला सरळ विचारता येईल आणि उत्तर मिळाल्यावर मी काय करणार आहे. पहिल्या तीन प्रश्नांनंतरही काही उरलं आणि चौथ्याचं उत्तर तयार असलं, तर त्या उरलेल्या कामापुरताच माणूस नेमावा.